टास्कोसा मेंढपाळांनी वसवलं, हे मुलांना आधी सांगा

टेक्सासमधल्या मराठी शाळांचे शिक्षक आणि पालक यांना,

सप्रेम नमस्कार.

दर मार्चमध्ये शाळांना स्प्रिंग ब्रेक लागला की डॅलस-फोर्टवर्थकडची कितीतरी मराठी कुटुंबं कोलोरॅडोच्या बर्फाकडे निघतात. २८७ नंबरच्या हायवेने अ‍ॅमरिलो गाठायचं, रात्र काढायची आणि पहाटे डुमास, डॅलहार्टवरून पुढे. मी अ‍ॅमरिलोत बारा वर्षं राहतो. ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली अनेक मंडळी आमच्याकडे टेकून गेली आहेत आणि निघताना चहा पिता पिता बहुतेकांनी तोच प्रश्न विचारला आहे : इथं बघण्यासारखं काय आहे? मी इतकी वर्षं पालो ड्युरो कॅन्यन सांगत आलो. आता टास्कोसा सांगतो. आणि नुसतं सांगून पुरत नाही असं वाटायला लागलं, म्हणून हे पत्र.

त्याला कारण झाली माझी मुलगी. टेक्सासात चौथीला राज्याचा इतिहास असतो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तो होऊन गेला असेल. तिच्या वाट्याला प्रकल्प आला जवळच्या उजाड गावाचा, टास्कोसाचा. शाळेतून मिळालेल्या कागदावर तीन गोष्टी होत्या. बिली द किड हा कुख्यात गुंड इथे येऊन गेला. इथे मोठा गोळीबार झाला. मेलेल्यांना बूट हिल नावाच्या कबरस्तानात पुरलं. ती तो कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, पण या गावातली माणसं कामं काय करायची?"

त्याचं उत्तर कागदावर कुठेच नव्हतं. आणि खरं उत्तर तर माझ्या घरातलंच होतं. ती मेंढरं राखायची.

मी फलटण तालुक्यातल्या धनगराच्या घरातला. माझे आजोबा दिवाळी झाली की खांडवं, म्हणजे मेंढरांचा कळप, घेऊन निघायचे, वरंधा घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या आधी माघारी यायचे. घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडाच्या वर कोंबड्या आणि करडू. वाटेतल्या शेतकऱ्यांच्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंड्या-मुताचं खत त्याच्या रानाला, बदल्यात धान्य आपल्याला. मी स्वतः एकच वर्ष त्यांच्याबरोबर चाललो, तेही आठ दिवस. तेव्हा टास्कोसाबद्दल मी जे सांगतो आहे ते मेंढपाळाच्या नातवाच्या नजरेतून सांगतो आहे, हे आधीच कबूल करतो.

१८७६ साली कासिमिरो रोमेरो नावाचा माणूस न्यू मेक्सिकोतून आपली मेंढरं आणि नात्यागोत्यातली कुटुंबं घेऊन कॅनेडियन नदीच्या खोऱ्यात उतरला. स्पॅनिश बोलणारी ही माणसं. मेंढपाळाला त्यांच्याकडे शब्द 'पास्तोर'. जिथे उतरले तिथे एक झऱ्यांवर वाहणारा ओढा नदीला मिळत होता आणि नदी ओलांडायला सोपी जागा होती. ओढ्याच्या काठी त्यांनी मातीच्या कच्च्या विटांची घरं बांधली आणि ओढ्यातून पाट काढले. पाट हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण त्यांचा 'असेकिया' म्हणजे हुबेहूब आपला पाट. मातीत खोदलेली चर, उताराने नेलेलं पाणी, भाजीपाल्याचे वाफे. गावाला नाव पडलं आतास्कोसा, म्हणजे चिखलाची, रुतवणारी जागा. त्या नावाचं टपाल कार्यालय टेक्सासात आधीच असल्यामुळे पुढचा 'आ' गळला आणि टास्कोसा राहिलं.

रुतवणारी म्हणजे काय, ते गेल्या ऑक्टोबरात मी पायाने अनुभवलं. ३८५ नंबरच्या हायवेवरच्या पुलाच्या अलीकडे गाडी लावून आम्ही दोघं खाली गेलो. कॅनेडियन नदी लांबून पाहिली तर नदी वाटतच नाही. तांबड्या वाळूचा रुंद पट्टा आणि मध्ये कुठेतरी हातभर खोलीचं गढूळ पाणी. वाळू वरून कोरडी दिसत होती. मुलीने चार पावलं टाकली आणि पाचव्याला बूट घोट्यापर्यंत आत. तिला मी खांद्याला धरून ओढून काढलं. पाय आला, बूट राहिला. मग पालथं पडून हाताने वाळू उकरून बूट काढला तेव्हा त्या खड्ड्यात खालून पाणी वर येताना दिसलं, अगदी हळूहळू, तांबडं. वरून कोरडी दिसणारी ही नदी वाळूच्या आतून वाहते. अशा नदीवर जिथे तळ घट्ट आहे, जिथून गाड्या आणि जनावरं पलीकडे जाऊ शकतात, ती जागा सोन्याची. टास्कोसा तिथे वसलं ते त्यामुळे. बिली द किड नंतर आला.

नावावरून वाटलं तरी ही नदी कॅनडात नाही, हे मुलांना जरूर सांगा. ती कोलोरॅडोच्या दक्षिण टोकाच्या डोंगरांतून निघते, न्यू मेक्सिकोतून उतरते, टेक्सासचा हा वरचा चौकोन, म्हणजे पॅनहँडल, आडवा कापत जाते आणि ओक्लाहोमात आर्कान्सा नदीला मिळते.

इथे एक गोष्ट मला सोडून देता येत नाही, मेंढपाळांची बाजू घेतो आहे म्हणून तर अजिबातच नाही. १८७६ सालीच ही माणसं इथे का आली? आधी का नाही? कारण आधी हा मुलूख कोमांची आणि कायोवा या मूळ रहिवासी लोकांचा होता. न्यू मेक्सिकोतले व्यापारी आणि रानम्हशींची, म्हणजे बायसनची, शिकार करणारे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या येत होते, पण कोमांचींशी देवघेव करून माघारी जात होते. १८७४ च्या सप्टेंबरात, तुम्ही जो पालो ड्युरो कॅन्यन मुलांना दाखवता त्याच कॅन्यनमध्ये अमेरिकी लष्कराने त्यांच्या छावण्या जाळल्या, त्यांचे घोडे पकडले आणि हजारावर घोडे गोळ्या घालून मारले. घोडा गेला की त्या माणसांचं फिरणं संपलं, आणि फिरणं संपलं की जगणं. १८७५ च्या जूनमध्ये कोमांचींचा पुढारी क्वाना पार्कर याने फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर शरणागती दिली. तिकडे रानम्हशी कातड्यांसाठी मारून संपवल्या जात होत्या. रिकामं केलेलं गवत होतं ते, आपोआप रिकामं झालेलं नव्हतं. रोमेरो आणि त्याची माणसं त्या गवतावर आली. कॅन्यनच्या सहलीत हे मुलांना सांगणं जड जातं, मला ठाऊक आहे. तरी सांगा.

नंतरची दोन-चार वर्षं मात्र मला फार जवळची वाटतात. नदीच्या दोन्ही अंगांना मेंढपाळांच्या लहान लहान वस्त्या झाल्या, त्यांना ते प्लाझा म्हणत. सालिनास, त्रुहियो, बोर्रेगोस. बोर्रेगो म्हणजे कोकरू, तेव्हा ती झाली कोकरांची वाडी. त्यांचे दगडी वाडगे आणि घरांचे पाये त्या खोऱ्यात अजून आहेत. १८८० च्या जनगणनेत पॅनहँडलमध्ये लाखावर मेंढ्या नोंदल्या गेल्या. मेंढ्या वाट्याने देण्याची त्यांची एक रीत होती, तिला पार्तिदो म्हणत. मोठा मालक आपल्या मेंढ्या गरीब मेंढक्याला सांभाळायला द्यायचा. ठरलेल्या मुदतीत मेंढक्याने कोकरांतला आणि लोकरीतला ठरलेला हिस्सा परत करायचा आणि उरलेलं आपलं. वाचताना मी थांबलोच. माझ्या पणजोबांचं खांडवं उभं राहिलं ते असंच, अर्धलीने घेतलेल्या मेंढरांतून. दोन खंडांवरच्या दोन मेंढक्यांनी एकमेकांचं तोंडही न पाहता गरिबाला कळप उभा करायची तीच वाट शोधली होती.

आणि त्यांनी समेटही केला होता. चार्ल्स गुडनाइटचं नाव मुलांच्या पुस्तकात असतंच. पॅनहँडलमध्ये गुरं आणणारा पहिला मोठा माणूस तो. १८७६ सालीच तो गुरं घेऊन पालो ड्युरोत उतरला, त्याआधी त्याचा मुक्काम याच कॅनेडियन खोऱ्यात होता. त्याने मेंढपाळांशी तोंडी ठरवलं : कॅनेडियनचं खोरं तुमचं, पालो ड्युरो माझं, तुम्ही तिकडे येऊ नका, मी इकडे येत नाही. शब्द दोन्हीकडून पाळला गेला. माझ्या मुलीच्या कागदावर गोळीबार होता आणि हा करार नव्हता. या मुलखात गुरं आणि मेंढरं शेजारी शेजारी चरली, आणि ती माणसांनी बसून बोलल्यामुळे चरली. चौथीतल्या मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

पण गुडनाइटने शब्द दिला होता तो एकट्यापुरता. १८७७ पासून गुरांच्या कंपन्या येऊ लागल्या. एलआयटी, एलएक्स, पुढे एलएस, ही जनावरांना डागायची चिन्हं आणि तीच रँचची नावं. त्यांच्या मालकांनी मेंढपाळांना प्लाझांमधून विकत घेऊन उठवलं. जमिनीचे कागद बहुतेकांकडे नव्हतेच. ज्याच्या नावावर पाणवठा, त्याचं भोवतालचं गवत, आणि पाणवठे एकेक करून कंपन्यांच्या नावावर होत गेले. रोमेरोनेही मेंढ्या विकल्या आणि कॅन्ससमधल्या डॉज सिटीपासून टास्कोसापर्यंत मालाच्या गाड्या हाकायला लागला. पुढे तो न्यू मेक्सिकोला परत गेला.

याच वर्षांत टास्कोसा भरभराटीला आलं, हेही खरं. दुकानं, लोहार, खाणावळी, दारूचे गुत्ते. ओल्डहम परगणा स्थापन झाल्यावर ते त्याचं मुख्य ठिकाण झालं, १८८४ मध्ये दगडी कोर्ट उभं राहिलं, १८८६ मध्ये 'टास्कोसा पायोनियर' नावाचं साप्ताहिक सुरू झालं. बिली द किडची हकिगत या भरभराटीच्या आरंभाची आहे. १८७८ च्या पानगळीत तो चोरीचे घोडे विकायला आला होता, आणि त्याने गावातल्या एका तरुण डॉक्टरला घोडा देऊन २४ ऑक्टोबरची रीतसर पावती लिहून दिली. बस, इतकंच.

आता कुंपणाबद्दल. इथे मी रेंगाळणार आहे.

आजोबांकडे एक वाघूर होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : वाघूर म्हणजे वळलेल्या दोरीचं लांबलचक जाळं. संध्याकाळी मेंढ्या जिथे बसवायच्या तिथे मेखा ठोकायच्या, त्यांना जाळं गुंडाळत गोल पुरा करायचा आणि मेंढ्या आत घ्यायच्या. लांडग्याला बाहेर ठेवायचं, कोकरू आत राहील इतकं पाहायचं. पहाटे मेखा उपटायच्या, वाघूर गुंडाळून घोडीवर टाकायची आणि चालू लागायचं. रात्रभर जे आपलं होतं ते सकाळी पुन्हा शेतकऱ्याचं. मागे उरायचं फक्त खत. मला आठवतं, मेखा उपटल्यावर राहिलेली भोकंसुद्धा आजोबा टाचेने बुजवायचे.

१८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. त्याच ग्लिडनने भागीदाराबरोबर टास्कोसाच्या दक्षिणेला रँच घेतली, ती 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली जाते. तिथे त्यांनी १२० मैलांचं तारेचं कुंपण घातलं, आपली तार मोठ्या रानावर टिकते हे जगाला दाखवायला. त्या पाठोपाठ गुरांच्या मालकांनी मिळून कॅनेडियनच्या उत्तरेला पॅनहँडल आडवं कापणारं एक लांब कुंपण उभं केलं. कॅन्ससकडची गुरं हिवाळ्यात वाऱ्याबरोबर दक्षिणेला वाहवत येतात आणि आपलं गवत खातात, त्यांना अडवायला. १८८६ च्या जानेवारीत हिमवादळ आलं. जनावर वादळात वाऱ्याकडे पाठ करतं आणि चालत राहतं, नदीच्या खोलगटीत, कड्याच्या आडोशाला पोचेपर्यंत. हे मेंढराचंही तसंच आणि गुराचंही. ती हजारो गुरं चालत चालत तारेपाशी आली. पुढे जाता येईना, मागचे कळप रेटत राहिले, आणि ती तारेला टेकून उभ्या उभ्या गोठली. आडोसा पलीकडे होता. वसंतात माणसं कुंपणाच्या कडेकडेने कातडी सोलत गेली.

यात मालक निर्दय होते असं मला म्हणायचं नाही. आपलं गवत राखायला त्यांनी तार घातली. पण वाघूर घालणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं, की कुंपण वेळेवर उचलावंही लागतं, ते त्या तारेत बसतच नव्हतं.

तारेचा दुसरा फास गावाच्या गळ्याला बसला. ऑस्टिनचं विधानभवन तुम्ही मुलांना दाखवलं असेल, ती तांबूस ग्रॅनाइटची भव्य इमारत. राज्याकडे पैसे नव्हते, म्हणून बांधणाऱ्यांना बदल्यात पॅनहँडलमधली ३० लाख एकर जमीन दिली गेली. त्याची झाली एक्सआयटी रँच, दहा परगण्यांत पसरलेली. १८८५ पासून तिथे गुरं यायला लागली आणि भोवती तारा. टास्कोसाच्या चारी अंगांना आता कुणाची ना कुणाची खासगी कुंपणं होती. ज्या वाटांनी माल आणि गुरं डॉज सिटीला जायची त्या तुटल्या. कुंपण तोडणं हा टेक्सासात १८८४ पासून गंभीर गुन्हा झाला होता. नदी ओलांडायची सोय म्हणून जन्मलेलं गाव, आणि त्या उताराकडे येणाऱ्या वाटाच बंद. विधानभवनाच्या घुमटाखाली मुलांचे फोटो काढताना त्याची किंमत कुठल्या गवताने भरली, तेही त्यांच्या कानावर घाला.

मधल्या काळातला काउबॉयांचा संप मात्र मुलांना अगदी आवडेल असा आहे. काउबॉय म्हणजे शेवटी महिन्याच्या पगारावरचा गुराखी. पूर्वी त्याला स्वतःची चार जनावरं मालकाच्या कळपात चारता येत, त्यातून कधीतरी तो आपला कळप उभा करू शके. कंपन्यांनी ते बंद केलं. १८८३ च्या मार्चमध्ये चोवीस जणांनी सह्या करून मागणी दिली : महिना ५० डॉलरपेक्षा कमी पगारावर काम करणार नाही. चांगल्या स्वयंपाक्यालाही तेवढेच द्यावेत, असं त्यात लिहिलेलं आहे. घोड्यावरच्या माणसांनी चुलीपुढच्या माणसाला विसरू नये, याचं मला फार बरं वाटतं. त्यांचा पुढारी टॉम हॅरिस. दोन-अडीच महिन्यांत संप मोडला. मालकांकडे दुसरी माणसं होती, संपकऱ्यांकडे साठवलेले पैसे नव्हते. काहींनी आसपास छोट्या रँच टाकल्या, आणि मोठ्या कंपन्यांनी त्यांच्यावर गुरं चोरल्याचा आळ घेत पॅट गॅरेटच्या हाताखाली पगारी बंदूकवाले नेमले. बिली द किडला मारणारा तोच गॅरेट.

त्या धुमसण्यातून २१ मार्च १८८६ ची ती गोळीबाराची रात्र आली. काही मिनिटांत चार माणसं मेली. तिघे एलएसचे काउबॉय. चौथा जेसी शीट्स, खाणावळवाला, ज्याचा भांडणाशी काही संबंध नव्हता. माझ्या मुलीच्या कागदावर या रात्रीला अर्धं पान होतं आणि शीट्सचं नाव नव्हतं. बूट हिलवर जाल तेव्हा त्याच्या कबरीपाशी थांबा. लोकांना खाऊ घालणारा माणूस होता तो.

बाकी शेवट लवकर झाला. १८८७ मध्ये फोर्टवर्थ अँड डेन्व्हर सिटी रेल्वे आली, पण स्टेशन झालं नदीपलीकडे. त्याच वर्षी वसलेलं अ‍ॅमरिलो गुरं चढवण्याचं मोठं ठिकाण झालं. 'पायोनियर' १८९१ मध्ये बंद पडलं. १८९३ च्या पुरात मातीची घरं वाहून गेली, पूल गेला. मातीचं घर पुरात गेलं तर पुन्हा बांधता येतं, माती तिथेच असते. बांधायला माणसं राहिली नव्हती. १९१५ मध्ये परगण्याचं ठाणं वेगा गावाला गेलं आणि टास्कोसाचं कोर्ट रिकामं झालं.

तरी एक बाई राहिली. तिला सगळे फ्रेंची म्हणत. लुइझियानाकडची, कुठल्या घराण्यातली ते तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. जुगारी मिकी मॅककॉर्मिकशी १८८१ मध्ये तिचं लग्न झालं. १९१२ मध्ये तो वारला. त्याच्या कबरीपासून दूर जायचं नाही म्हणून ती त्या ओस गावात, मातीच्या घरात राहिली. सत्तावीस वर्षं. वीज नाही, नळ नाही, शेजारी नाहीत. १९३९ मध्ये म्हातारपणापुढे इलाज चालेना, तेव्हा तिला चॅनिंगला हलवलं, आणि तिने कबूल करून घेतलं की मेल्यावर मला इथेच आणायचं. १९४१ च्या जानेवारीत तिला मिकीशेजारी पुरलं, रोमेरो कुटुंबाच्या कबरस्तानात. ज्या मेंढपाळाने गाव वसवलं त्याच्या जागेत गावातली शेवटची बाई झोपली आहे. आजी गेल्यावर आमच्या जुन्या वाडीत माझी चुलत आजी अशीच एकटी राहिली होती. बोलवायला गेलं की म्हणायची, मी इथून उठले तर दिवा कोण लावील?

१९३९ सालीच, फ्रेंची गाव सोडून गेली त्याच वर्षी, अ‍ॅमरिलोचे पूर्वीचे कुस्तीगीर कॅल फार्ली यांनी आधाराची गरज असलेल्या मुलांसाठी तिथे वसतिगृह सुरू केलं. जमीन ज्युलियन बिव्हिन्स या रँच-मालकाने दिली. पहिली मुठभर मुलं राहिली ती रिकाम्या पडलेल्या दगडी कोर्टातच. आज तिथे बॉइज रँच नावाची वसाहत आहे, मुलीही आहेत, आणि कोर्टात संग्रहालय आहे. तेव्हा जाल तिथे मुलांची घरं आहेत हे ध्यानात ठेवून जा, आधी वेळा विचारून घ्या, फोटो काढताना तिथल्या मुलांना त्यात घेऊ नका.

वाट सोपी आहे. अ‍ॅमरिलोहून डुमासकडे वळण्याऐवजी १०६१ नंबरचा रस्ता धरा. शहरात त्याचं नावच टास्कोसा रोड आहे, शहरातल्या एका हायस्कूललाही गावाचंच नाव आहे. साधारण ३५-४० मैलांवर नदीच्या खोऱ्यात उतराल. सपाट माळ अचानक संपतो आणि तांबडे कडे, जुनिपरची खुरटी झाडं आणि नदीकाठचे उंच कॉटनवुड दिसायला लागतात. ऑक्टोबरात ती झाडं हळदीसारखी पिवळी होतात, मार्चमध्ये बोडकी असतील. रेल्वेच्या त्याच मार्गावरून अजून मालगाड्या जातात. पुढे ३८५ ने चॅनिंग, हार्टली, डॅलहार्ट. तुमच्या कोलोरॅडोच्या वाटेत विशेष फरक पडत नाही. चॅनिंग हे एक्सआयटीचं मुख्य ठाणं होतं, आणि डॅलहार्टला त्या रँचचं संग्रहालय आहे.

शिक्षकांना माझं सांगणं एवढंच की मराठी शाळेत 'माझं टेक्सास' सारखा विषय घ्याल तेव्हा टास्कोसाची सुरुवात गोळीबाराने करू नका. सुरुवात कोमांचींनी करा, मग रोमेरोची मेंढरं येऊ द्या, पाट येऊ द्या, गुडनाइटचा शब्द येऊ द्या. आपल्या मुलांना मेंढपाळ म्हणजे कोण हे कळायला न्यू मेक्सिकोपर्यंत जावं लागत नाही, त्यातल्या कितीतरी जणांची पणजी-पणजोबा धनगरांच्या वाड्याला धान्य घालून आपलं रान खतवून घेत होते. त्यांना घरी विचारायला सांगा, गावाकडच्या आजी-आजोबांना फोन करून विचारायला सांगा, की आपल्या रानात मेंढ्या बसायच्या का आणि किती रात्री. ती उत्तरं वर्गात वाचली जाऊ देत. मग रोमेरो त्यांना परका वाटणार नाही.

आमच्या मुलीचा प्रकल्प आम्ही दोघांनी मिळून केला. तिने खोक्यात तांबडी वाळू भरली, निळ्या कागदाऐवजी वाळूच्याच खाली ओला कापूस लपवला, म्हणजे बोट दाबलं की पाणी वर येईल. काठावर मातीची चार घरं, कापसाच्या मेंढ्या. भोवती तिने आधी सुतळीचं जाळं केलं आणि त्याच्या बाहेर बारीक तार. बाईंनी विचारलं, हे जाळं काय आहे? तिने सांगितलं, वाघूर. बाईंनी तिला तो शब्द फळ्यावर लिहायला सांगितला आणि तिने तो आधी देवनागरीत लिहिला.

आजोबांची वाघूर वडिलांनी गेल्या खेपेस येताना धुऊन, वाळवून माझ्याकडे आणून दिली. एका बाजूला उंदरांनी कुरतडली आहे, बाकी शाबूत आहे. मेखा मी इथे कापून घेतल्या. कुठल्याही मराठी शाळेने बोलावलं तर मी ती घेऊन येईन, डॅलसला, ह्यूस्टनला, कुठेही. मैदानात मुलांकडून मेखा ठोकून घेऊ, वाघूर लावू, आणि त्यातल्या निम्म्यांना मेंढ्या करून आत बसवू. मग सगळ्यांनी मिळून ती सोडायची, गुंडाळायची आणि मेखांची भोकं टाचेने बुजवायची.

आपला स्नेहांकित,
एक अ‍ॅमरिलोकर